टाकी मारलेली फरशी

६ नोव्हेंबर १९६०, रविवार. कुरुद.

पंचवीस वर्षं दुर्गच्या कचेरीत दुसऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी केल्या. आजपासून स्वतःच्या जमिनीची. जमीन फार नाही. अठरा फूट लांब, अकरा फूट रुंद, वर कवेलूंचं छप्पर, आणि परवापर्यंत तिला गोठा म्हणत. आता कार्यशाळा म्हणायचं. म्हणजे मी म्हणतो. माधवी अजून गोठाच म्हणते. नवे शब्द तिच्या तोंडी रुळायला वेळ लागतो.

परवा उतईचा गुराखी सुखराम राऊत आला आणि ठुमकीला घेऊन गेला. ठुमकी माधवीची गाय. गाभण आहे, माघात विणार. माधवीला सांगितलं, फरशी होईपर्यंत गाय उतईला राहील. सुखरामला वेशीपाशी गाठून जे सांगितलं ते वेगळं होतं. त्याला म्हटलं, गाय तुझ्याकडेच राहू दे, वासरूही तुझंच. हे इथे लिहून ठेवतो, कारण खरं काय ते कुठेतरी लिहिलेलं असावं आणि कचेरीत ती सोय नाही.

माधवीने एवढंच विचारलं, "विण्याच्या आधी होईल ना फरशी?"

"होईल की," म्हटलं. यात खोटं काही नाही. फरशी होईलच.

गोठ्यात आता फटफटी उभी आहे. लष्कराच्या लिलावातली. रंग शेवाळासारखा, बसण्याची जागा फाटलेली, आणि इंजिन असं गप्प की मुहूर्तालाच बोलेल. ती मिळवली मारोतरावांनी. हे भंडाऱ्याकडचे. बाप धानाची शेती करतो, हे भिलाईच्या पोलाद कारखान्यात, रोलिंग मिलमध्ये फिटर, राहायला खुर्सीपारला. लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात होते. बेत असा, की रविवारी दोघांनी मिळून इंजिनिअर लोकांच्या फटफट्या दुरुस्त करायच्या. भिलाईत फटफट्या वाढल्या आहेत आणि त्या बऱ्या करणारा माणूस रायपूरला बसतो. हात मारोतरावांचे, जागा माझी. शिवाय देखरेख माझी, जी मला कचेरीमुळे काही न करता करता येते.

मारोतराव आले, खाली पाहिलं, खिशातून एक नट काढला आणि टाकला.

"घ्या बाबूजी. शोधा."

अर्धा तास आम्ही दोघे गुडघ्यांवर. सारवलेल्या भुईला पोपडे आले आहेत, त्यात नट गडप. शेवटी माधवी आली, तळहात एकदा फिरवला आणि नट उचलून दिला. "बोटांनी नाही, तळव्यानं पाहायचं," म्हणाली आणि गेली.

"पयले जमीन करा," मारोतराव म्हणाले. "मंग इंजिन खोलू. या भुईत वॉशर पडला का थो सरळ पाताळात. अन् स्टँड पहा, चार बोटं आत गेलं. म्या अशा जमिनीवर इंजिन खोलत नाई."

म्हणजे फरशी नाही तर मारोतराव नाहीत, आणि मारोतराव नाहीत तर माझ्याकडे उरेल एक शेवाळी शोभेची वस्तू.

९ नोव्हेंबर

एक शोध लागला. माणूस सत्तेचाळीस वर्षं जमिनीवर चालतो आणि तिच्याकडे पाहत नाही. आता मी दुसरं काही पाहत नाही. स्टेशनच्या फलाटाचा दगड मध्ये झिजला आहे, कडेला नवा. म्हणजे आपले लोक गाडीची वाट एकाच जागी उभं राहून पाहतात. कचेरीचा कोबा साहेबांच्या खोलीत गुळगुळीत आहे, कारकुनांच्या खोलीत तडकलेला आणि जिथे पक्षकार उभे राहतात तिथे चक्क खड्डा. कोणी कुठे किती वेळ ताटकळलं याची इतकी प्रामाणिक नोंद माझ्या एकाही रजिस्टरात नाही.

जेवताना माधवी म्हणाली, "सारखं खाली काय पाहून राहिले? मी वर बसली आहे."

१३ नोव्हेंबर, रविवार

मारोतरावांना म्हटलं, कारखान्यात भट्टीच्या विटा इतक्या पडलेल्या असतात. फुटक्या चालतील. ते असे दचकले की जणू मी भट्टीच मागितली.

"माह्यी नोकरी खाता का? फुटकी असो का तुटकी, गेटाबाहेर गेली का चोरी. अन् काहून पाहिजे थे? तुमच्या गाडीतून का वितळलेलं लोखंड सांडते?"

सांडतं ते तेल. तेव्हा प्रश्न असा: तेल पिणार नाही, पाना पडला तर फुटणार नाही, स्टँड रुतणार नाही आणि वॉशर गिळणार नाही, अशी जमीन कोणती? मला वाटलं होतं दोन दिवसांत ठरेल. पण जितकं विचारावं तितकं खोल जातं. दुर्गच्या स्टेशनमास्तरांनी कोबा सांगितला. आमच्या मोठ्या बाबूंनी विटा सांगितल्या, खड्या बसवलेल्या. शेजारचा फकिरा गवंडी म्हणाला, इथला फर्शी दगड. स्लॅगचं नाव मी स्वतः काढलं. लोखंडाची मळी ती. भट्टीतून निघते, थंड होते आणि सगळ्या नव्या रस्त्यांखाली जाते. आख्खं भिलाई तिच्यावर उभं राहणार असेल तर एक फटफटी का नाही?

माधवीने भाकरी थापता थापता एकच गोष्ट सांगितली. "काहीही करा, पण ढाळ पाहिजे. मागच्या भिंतीकडे. पाणी साचायला नको."

मारोतरावांना हे इतकं पटलं की त्यांनी मान डोलावली. "बरोबर बोलल्या वयनी. गाडी धुतली का पानी गेलं पाहिजे."

तिला या कामात रस वाटू लागला आहे. चांगली खूण आहे.

२० नोव्हेंबर, रविवार

प्रयोग! फकिराकडून गोठ्यात (कार्यशाळेत) चार चौकोन करून घेतले, चार-चार फुटांचे. पहिला कोबा, छान घोटलेला, त्यात तोंड दिसतं. दुसरा फर्शी दगड. तिसरा खड्या विटा. चौथा स्लॅग, चुन्यात कालवून. उरलेली सारवलेली भुई तशीच, तुलनेसाठी. आठ दिवस सुकू देणार. फकिरा म्हणाला, "बाबूजी, आजवर लोकांची घरं बांधली. हे काय बांधलं थे मले अजून समजून नाई रायलं."

सांगितलं की हे विज्ञान आहे. तो विडी पेटवून माधवीशी बोलत बसला.

२७ नोव्हेंबर, रविवार

निकाल पुढीलप्रमाणे.

पाना कमरेइतक्या उंचीवरून टाकला. कोब्याला टवका गेला. दगडाला पांढरी खूण, बाकी काही नाही. एक वीट दुखावली. स्लॅगमधून पाना उसळून माझ्या नडगीवर आला.

तेलाचे पाच थेंब. विटांनी ते तहानेल्यासारखे प्यायले. कोब्यावर तेल पसरलं आणि मारोतराव त्यावरून जवळपास दारापर्यंत गेले, न चालता. दगडावर डाग राहिला, पण पुसता आला. स्लॅगमध्ये तेल कुठे गेलं ते कळलं नाही. सारवलेल्या भुईने ते इतकं शांतपणे घेतलं की मला थोडा आदर वाटला.

मधेच एक विघ्न आलं. फकिराची गाय दार उघडं पाहून आत शिरली आणि नेमकी कोब्याच्या चौकोनावर जाऊन उभी राहिली. पुढचे पाय असे फाकले की बिचारी तोंडावरच आपटली असती. माधवी तिथेच होती, तिने धरली. "पाहिलं?" ती फकिराला म्हणाली. फकिरा म्हणाला, "पाहिलं." गाय बाहेर नेताना ती दगडावरून गेली, तिथेही जराशी सरकली. विटांवरून नीट गेली.

गाय बांधून ठेवत जा म्हणून फकिराला चार शब्द सुनावले.

४ डिसेंबर, रविवार

फकिराची गाय पुन्हा आत. या वेळी स्लॅगवर. पाय उचलून उभी राहिली, तापल्या तव्यावर उभी केल्यासारखी. हा फकिरा कामात चोख, पण जनावराच्या बाबतीत अगदीच ढिला.

माधवी अनवाणी स्लॅगवर चालून पाहून म्हणाली, "टोचते. हे नको." म्हणजे स्लॅग बाद. कारखान्याबद्दल माझा आदर कमी झालेला नाही. रस्ते अनवाणी चालण्यासाठी नसतात.

मग तिने विटांवर हात ठेवला, दगडावर ठेवला, कोब्यावर ठेवला. बराच वेळ. "कोबा थंडीत फार गार पडेल. निजल्यावर पोटाला लागेल."

मला क्षणभर कळलं नाही. मग ध्यानात आलं, मारोतराव! गाडीखाली काम करायचं तर त्यांना जमिनीवर पडावं लागणार. परक्या माणसाच्या पोटाची इतकी काळजी. मारोतरावांना सांगितलं, तर त्यांचे डोळे ओले झाले. म्हणाले, "खुर्सीपारले एकटा रायतो बाबूजी. अशी काळजी माह्या बहिणीनं बी नाई केली."

८ डिसेंबर

माधवी उतईच्या बाजाराला गेली होती. भोपळा आणला. भोपळा कुरुदलाही मिळतो. पदराला शेणाचा हात लागलेला. विचारलं नाही. तीच म्हणाली, "सुखरामकडे सगळं बरं आहे. ठुमकीचं पोट उतरून राहिलं."

मी म्हटलं, "छान."

सुखरामने तिला काही सांगितलं असेल का? चेहऱ्यावरून काही कळलं नाही. खरं म्हणजे मी चेहरा पाहिला नाही, तिच्या पायाखालचा उंबरा पाहत होतो. उंबऱ्याच्या दगडाला बारीक टोचे आहेत. कोणी मारले असतील, आणि कशाला?

१८ डिसेंबर, रविवार

ठरलं. फर्शी दगड. विटा तेल पितात म्हणून मारोतरावांनी बाद केल्या, कोबा माधवीने बाद केला, स्लॅग आधीच गेला.

हा दगड मजेदार आहे. जमिनीतून वहीच्या पानांसारखा थरांनी निघतो. इकडे लोक तो उभा पुरून कुंपण करतात, आडवा टाकून अंगण, वर ठेवून छत. आणि मारोतराव सांगत होते, नंदिनीच्या खाणीतून याचाच भाऊबंद चुनखडीचा दगड कारखान्यात जातो, लोखंडातला मळ ओढून घ्यायला. म्हणजे एक भाऊ भट्टीत जळतो, दुसरा माझ्या गोठ्यात तेल झेलणार. घराण्यात कोणाला कुठली नोकरी लागेल सांगता येत नाही.

माधवी म्हणाली, "दगड चालेल. पण गुळगुळीत नको. पाय घसरतो."

"कोणाचा?"

"कोणाचाही."

२५ डिसेंबर, रविवार

भिंतीलगतची जुनी गव्हाण आज फोडायला घेतली, तर माधवी मध्ये उभी राहिली. "फोडू नका. मारोतरावांना पार्ट धुवायला लागेल काहीतरी."

मारोतरावांनी गव्हाणीत हात घालून पाहिला, रॉकेल किती मावेल याचा अंदाज घेतला, आणि मला म्हणाले, "वयनी कारखान्यात असत्या तं फोरमन झाल्या असत्या."

मग ती म्हणाली, "भिंतीत एक कडीही बसवा. लोखंडाची, पक्की. या गव्हाणीच्या वर."

"कडी कशाला?"

"चोर येतात ना नव्या वस्तीत? साखळीने बांधून ठेवा तुमची फटफटी."

हे मला सुचायला हवं होतं. कडी मारोतरावांनी ठोकली. म्हणाले, बैल बांधला तरी निघणार नाही.

१ जानेवारी १९६१, रविवार

फरशी बसू लागली. खाली मुरूम, मग चुना, वर दगड. फकिरा दोरी लावून ढाळ काढतो. बाहेरची नाली किती रुंद ठेवायची यावर माधवी आणि फकिरा यांच्यात इतका वेळ बोलणं झालं की मला वाटलं कालवा काढतात. ती म्हणाली, "उथळ ठेव आणि पसरट. पाय अडकला नाही पाहिजे."

मी दुरुस्त केलं. "पाय नाही, चाक."

"चाकही," ती म्हणाली.

आज पुन्हा मनात आलं, सांगून टाकावं. गाय येणार नाही. इथे तिला जागा नाही. समोर तीन धुरांडी उभी राहिली, रात्रीचं आभाळ लाल होतं, जग बदललं, आणि आपण अजून शेण काढत बसायचं? सगळे मुद्दे तयार आहेत. घसा खाकरला. ती म्हणाली, "चहा निवतो आहे."

८ जानेवारी, रविवार

दगड बसून झाला. काय दिसतो! हात फिरवला तर पाटीसारखा, वाकून पाहिलं तर तोंडही दिसतं. अभिमान वाटून मी वर्तमानपत्र घेऊन त्याच फरशीवर बसलो. माधवी दारात आली.

"फरशीला टाकी लावून घेऊ का?"

पाण्याची टाकी! गाडी धुवायला किती सोयीची. कडी काय, गव्हाण काय, आता टाकी. "अवश्य लावा," म्हटलं.

"मोठी लावू का बारीक?"

"मोठी. बारीक टाकीत काय होतं?"

"अंजनाबाई येणार आहे मंगळवारी. तिला सांगते."

"या अंजनाबाईला टाकीतलं काय कळतं?"

"तिला नाही तर कोणाला कळणार?" माधवी माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली. "मग सांगू ना? नंतर बोलायचं नाही."

"नाही बोलणार," म्हटलं. वर्तमानपत्रात कारखान्याच्या उत्पादनाचे आकडे होते.

१० जानेवारी, मंगळवार

बोलणार नाही असं म्हटलं होतं, म्हणून फक्त लिहितो.

कचेरीतून सायकलवर येताना वेशीपासूनच आवाज ऐकू आला. टक टक टक टक. मला वाटलं टाकीचा पाया. आत गेलो, तर कपाळाला गोंदण असलेली एक म्हातारी माझ्या फरशीवर मांडी घालून बसली होती. हातात छिन्नी आणि हातोडी, आणि ती माझा पाटीसारखा दगड टोचत होती. दारापासून गव्हाणीपर्यंत दोन तृतीयांश फरशीला देवी आल्या होत्या.

"हे काय चाललंय?"

"टाकी मारून रायली बाबूजी," ती म्हणाली. "मोठी सांगितली ना तुम्ही? म्हून वेळ लागते."

अंजनाबाई जाती आणि पाटे टाकवणारी. गावोगाव फिरते. गुळगुळीत झालेल्या पाट्यावर मसाला वाटला जात नाही, तेव्हा बायका तिच्याकडून त्याला टाकी लावून घेतात. हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. मला टाकी म्हणजे पाणी साठवतात ती माहीत होती. एकाच छपराखाली वीस वर्षं एकच भाषा बोलतो असा माझा समज होता.

माधवीला म्हटलं, "मी पाण्याची टाकी समजलो."

"मग विचारायचं," ती म्हणाली. "मी दोनदा विचारलं. नंतर बोलायचं नाही, हेही सांगितलं."

उंबऱ्याचे टोचे कोणी मारले ते आता कळलं. एकूण ज्ञानात भर पडली. फरशीतून मात्र तोंड दिसायचं बंद झालं.

१५ जानेवारी, रविवार

मारोतरावांना फरशी दाखवताना मी आधीच माफी मागायच्या तयारीत होतो. ते खाली बसले, तळव्याने पाहिलं (हे माधवीकडून शिकलेले), मग तेल ओतलं, त्यावर उभे राहिले, आणि पाय घासला. घसरले नाहीत. जॅक लावला. हलला नाही. वॉशर टाकला. गडगडत न जाता पडला तिथेच थांबला.

"एक नंबर!" ते ओरडले. "बाबूजी, आमच्या मिलमधी चेकर प्लेट असते. लोखंडाची, अशीच टोचे मारलेली, माणूस घसरू नये म्हून. कोनं सांगितलं तुमाले हे?"

"मीच," म्हटलं. 'हो' तर मीच म्हणालो होतो. मोठी लावा, असंही मीच म्हणालो होतो. माधवी दाराशी तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

उद्घाटन येत्या रविवारी, बावीसला. मारोतरावांच्या मिलमधला एक ओव्हरसियर पहिली फटफटी घेऊन येणार. फटफटी मी अंगणातून आत नेऊन उभी केली आहे. स्टँड बरोबर बसलं. फरशी झाली. कबूल केल्याप्रमाणे, विण्याच्या आधी.

आता मला सांगावंच लागणार. आज तीनदा घसा खाकरला. एकदा तिने मधाचं बोट दिलं.

२१ जानेवारी, शनिवार

नीट क्रमाने लिहितो.

कचेरी सुटल्यावर चारच्या सुमारास घरी पोचलो. फटफटी अंगणात, ओसरीच्या खांबाला टेकून उभी. तिच्यावर पोतं टाकलेलं. वाटलं चोर. पण चोर वस्तूवर पोतं घालून जात नाहीत. कार्यशाळेच्या दारात गेलो.

ठुमकी आत उभी होती. गळ्यात सोहई, राऊत दिवाळीला गायींना बांधतात ती माळ, मोरपिसांचा रंग उडालेला. दोर कडीत. तोंड गव्हाणीत. चारही पाय टाकी मारलेल्या दगडावर ठाम रोवलेले, पोट जवळजवळ जमिनीपर्यंत. मी पाहत असतानाच तिने मूत्र केलं, आणि ते ढाळावरून सरळ मागे गेलं, पसरट, उथळ नालीत, एक थेंब न साचता.

बाहेर सुखराम उकिडवा बसला होता. उठून जोहार केला. काल निघाला म्हणे, सावकाश चालवत आणली, वाटेत एक रात्र विसावा दिला.

"मी तुला काय सांगितलं होतं?" मी हळू विचारलं.

तो लाजला. "दाई कहे रिहिस मालिक. फरसी बनही त लाबे."

दाई म्हणजे माधवी. फरशी झाली की आण, असं ती त्याला सांगून आली होती. कधी? गाय नेल्यानंतरच्या पहिल्याच बाजारी, म्हणाला. त्याने तिला प्रामाणिकपणे सांगितलं होतं की मालकाने गाय मला दिली. त्यावर तिने ठुमकीच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं की उतईच्या गोठ्यात जमीन कसली आहे.

पहिला बाजार आठ डिसेंबरच्या किती आधी, ते मी मोजलं नाही. मोजायची हिंमत नव्हती.

माधवी पाण्याची बादली घेऊन आली. मी म्हटलं, "मी तुला सांगणार होतो."

"हो," ती म्हणाली. "सात वेळा घसा खाकरला तुम्ही. मी मध दिला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलली की. सगळं बोलली." बादली गायीपुढे ठेवली. "तुम्ही खाली पाहून लिहून घेतलं."

ही वही मागून वाचून काढली. ढाळ. टोचायला नको. पोटाला गार लागायला नको. गव्हाण राहू द्या. कडी बसवा. पाय अडकायला नको. पाय घसरायला नको. सगळं आहे. तारीखवार आहे, माझ्याच अक्षरात, कचेरीतल्यासारखं सुवाच्य. फकिराची गायसुद्धा आहे, दोनदा.

एका जागी "चांगली खूण आहे" असं लिहिलं आहे.

२२ जानेवारी, रविवार

सकाळी वेशीपर्यंत चालत गेलो, मारोतरावांना आधी गाठून सांगावं म्हणून. ते दुसऱ्या वाटेने आले. परत येतो तो ते दारात उभे, हातात नारळ, मागे ओव्हरसियर फटफटीवर. मारोतराव गायीकडे पाहून रायले होते. (त्यांची भाषा लागू लागली आहे.) मग त्यांनी कडीकडे पाहिलं, जी त्यांनीच ठोकली होती. गव्हाणीकडे पाहिलं. खाली टोच्यांकडे पाहिलं, ढाळाकडे, नालीकडे. मग माधवीकडे.

"वयनी," ते म्हणाले, "हा गोठा हाय."

"हो."

"म्हंजे म्या दोन महिने गोठा पास करून रायलो?"

"तुमची गाडी घसरते का यावर?"

"नाई."

"तेल साचते? नट हरवते?"

"नाई जी."

"मग झालं तर. अर्ध्यात ती, अर्ध्यात तुम्ही. इंजिन चालू करायचं ते अंगणात नेऊन. विऊन महिना होईपर्यंत तिच्यासमोर फटफट करायची नाही."

मारोतरावांनी मला विचारलं नाही. ओव्हरसियरकडे वळून म्हणाले, "साहेब, एक गाडी आधीच ओव्हरहॉलिंगले लागली हाय. तुमची दुसरी." आणि नारळ गव्हाणीच्या कडेवर फोडला. खोबरं पहिल्यांदा ठुमकीला दिलं.

जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोटाले गार लागते म्हून वयनी बोलल्या होत्या, थे..."

"तिचं पोट," मी म्हटलं.

"मले वाटलंच," ते म्हणाले, पण वाटलं नव्हतं. दोघांना एकमेकांची कीव आली असावी. मग ते गाडीखाली पडले, टोच्यांच्या फरशीवर, आणि तिथून ओरडून म्हणाले की पाठीले लय बरं वाटून रायलं.

२६ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. कारखान्याच्या वसाहतीतल्या सेक्टरकडून सकाळी झेंड्याचा बँड ऐकू येत होता.

नवाच्या सुमारास ठुमकी व्याली. माधवी आणि फकिरा आत, मी दारात, कारण देखरेख माझ्याकडे आहे. कालवड झाली. तांबडी, कपाळावर ठिपका. पडल्या पडल्या पहिल्यांदा तिने फरशीचा वास घेतला. घराण्याचा गुण नव्हे, माझा लागला.

मग उभी राहायला लागली. पुढचे पाय उचलले, पडली. मागचे उचलले, तोंडावर आली. तिसऱ्यांदा गुडघे थरथरून बसली. त्या गुळगुळीत दगडावर, ज्यात मला माझं तोंड पाहायचं होतं, हे चार ओले खूर फाकले असते आणि काय झालं असतं ते कोब्यावर एकदा पाहिलं आहे. चौथ्यांदा खुरांची टोकं टाकीच्या खाचांत बसली. उभी राहिली.

माधवीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मीही या वेळी वर पाहत होतो.

"फरशी चांगली निवडली तुम्ही," ती म्हणाली.

प्रयोगाच्या नोंदी अपुऱ्या ठेवायच्या नाहीत म्हणून लिहितो. नमुना दुसरा, फर्शी दगड, मोठी टाकी मारलेला. ओल्या पायांनी, चौथ्या प्रयत्नात. घसरली नाही.